शेवटच्या दिवसांची कादंबरी : अमेरिकी युगान्तकथा आणि त्यांचा वाचकवर्ग

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील टिंडेल हाउस या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने 1995 साली ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. टिम लाहे या धर्मोपदेशकाची कल्पना आणि जेरी बी. जेन्किन्स या व्यावसायिक लेखकाचे लेखन अशी तिची घडण होती. पुढच्या बारा वर्षांत तिचे एकूण सोळा खंड निघाले, लहान मुलांसाठी चाळीस पुस्तकांची स्वतंत्र मालिका निघाली, आणि प्रकाशकाच्या आकडेवारीनुसार एकूण खप साडेसहा कोटी प्रतींच्या पुढे गेला. ज्या कथेचा शेवट बायबलच्या वाचकाला आधीपासून ठाऊक आहे, ज्यात विजय कोणाचा होणार याबद्दल तिळमात्र शंका नाही, ती कथा इतक्या मोठ्या वाचकवर्गाने खंडामागून खंड का वाचली आणि त्या वाचनाने समाजात नेमके काय घडले, या दोन प्रश्नांभोवती गेल्या तीन दशकांत धर्मशास्त्र, साहित्यसमीक्षा, राज्यशास्त्र आणि लोकसंस्कृतीचा अभ्यास अशा अनेक बाजूंनी वाद झाला आहे. त्या वादाची मांडणी, त्यातील प्रमुख भूमिका आणि अद्याप न सुटलेल्या गाठी यांचा हा आढावा आहे.

सिद्धान्ताची पार्श्वभूमी

या कादंबऱ्या ज्या वाचकवर्गातून निघाल्या त्याला ‘इव्हँजेलिकल’ म्हणतात. बायबलचे अंतिम प्रामाण्य, प्रत्येक व्यक्तीने स्वतः येशूवर विश्वास ठेवून ‘नव्याने जन्म’ घेण्याची गरज आणि शुभवर्तमानाचा प्रसार ही या पंथधारेची मुख्य लक्षणे मानली जातात. ती एका चर्चपुरती मर्यादित नाही. बॅप्टिस्टांपासून स्वतंत्र मंडळ्यांपर्यंत अनेक संप्रदायांतून ती वाहते.

ख्रिस्ताचे पुनरागमन होईल, ही श्रद्धा सर्वच ख्रिस्ती परंपरांत आहे. वाद आहे तो क्रमाचा. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या एक हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख येतो. हे राज्य प्रतीकात्मक असून चर्चच्या वर्तमान काळातच ते चालू आहे, असा अर्थ संत ऑगस्टीनपासून रूढ झाला आणि कॅथलिक, लूथरन व रिफॉर्म्ड परंपरांनी बहुतांशी तोच स्वीकारला. सुवार्ताप्रसार आणि सुधारणा यांतून जग हळूहळू उजळत जाईल व त्यानंतर ख्रिस्त येईल, ही आशावादी मांडणी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत जोमात होती. याउलट जग बिघडतच जाणार, ख्रिस्त स्वतः येऊन हे राज्य स्थापणार, असे मानणारा तिसरा पक्ष आहे. युगान्तकथा या तिसऱ्या पक्षाच्या, आणि त्यातही एका विशिष्ट शाखेच्या आहेत.

ही शाखा जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) यांच्या नावाशी जोडली जाते. आयर्लंडमधील प्रस्थापित चर्चचे धर्मगुरुपद सोडून ते ‘ब्रदरन’ मंडळींचे अग्रणी झाले. देवाने मानवाशी असलेला आपला व्यवहार निरनिराळ्या कालखंडांत निरनिराळ्या रीतीने चालवला, आणि इस्राएलविषयीची त्याची योजना व चर्चविषयीची योजना या दोन वेगळ्या योजना आहेत, ही त्यांची मूळ मांडणी. तिला मराठीत ‘कालखंडवाद’ म्हणता येईल. दानीएलाच्या नवव्या अध्यायातील सत्तर ‘सप्तकां’पैकी एकोणसत्तर पूर्ण झाली, शेवटचे सात वर्षांचे सप्तक मात्र स्थगित आहे, आणि ते सुरू होण्यापूर्वी खऱ्या विश्वासणाऱ्यांना ख्रिस्त अकस्मात वर उचलून घेईल, असे या मतात सांगितले जाते. या उचलले जाण्याला ‘रॅप्चर’ म्हणतात. त्यानंतरची सात वर्षे म्हणजे महासंकटाचा काळ. ख्रिस्तविरोधी त्या काळात जगावर सत्ता गाजवील, त्याची म्हणजे ‘श्वापदा’ची खूण घेतल्याशिवाय कोणालाही खरेदीविक्री करता येणार नाही, आणि शेवटी हर्मगिदोनच्या युद्धानंतर ख्रिस्त प्रकटपणे पृथ्वीवर येईल.

डार्बींनी 1862 ते 1877 या काळात उत्तर अमेरिकेचे अनेक दौरे केले. तथापि हा विचार सामान्य विश्वासणाऱ्याच्या घरात पोहोचवला तो सायरस स्कोफील्ड यांच्या संदर्भ-बायबलने. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने 1909 मध्ये काढलेल्या या आवृत्तीत पवित्र वचनांखालीच कालखंडवादी टिपा छापलेल्या होत्या, त्यामुळे मूळ मजकूर कोठे संपतो आणि भाष्य कोठे सुरू होते याचे भान अनेक वाचकांना राहत नसे. शिकागोची मूडी बायबल इन्स्टिट्यूट आणि 1924 मध्ये स्थापन झालेले डॅलसचे सेमिनरी यांनी या विचाराला शिक्षक आणि उपदेशक पुरवले. म्हणूनच 1995 मध्ये कादंबरी आली तेव्हा तिचा नकाशा लाखो घरांत आधीच तयार होता.

मालिकेच्या आधीची परंपरा

युगान्तकथा हा विसाव्या शतकाच्या अखेरीस अचानक उगवलेला प्रकार नव्हे, हे क्रॉफर्ड ग्रिबेन यांच्या ‘रायटिंग द रॅप्चर’ (2009) या ग्रंथाने स्पष्ट केले आहे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्रज लेखक सिडनी वॉटसन यांनी रॅप्चर आणि श्वापदाची खूण यांवर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत वृत्तपत्राचा संपादक हे मध्यवर्ती पात्र आहे, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक युगान्तकथेत कोणी ना कोणी पत्रकार येतो, याचा उगम तेथे दिसतो. 1907 ची ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ ही रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची कादंबरी कॅथलिक असूनही या परंपरेला जवळची आहे, कारण जगाला शांतता देणारा लोकप्रिय राजकारणीच ख्रिस्तविरोधी ठरतो, ही कल्पना तिने ठळक केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर 1948 मध्ये इस्राएलची स्थापना झाली आणि 1967 च्या युद्धात पूर्व जेरुसलेम त्याच्या ताब्यात गेले, तेव्हा कालखंडवादी वाचकांना भाकीत डोळ्यांदेखत खरे ठरताना दिसले. या वातावरणात हॅल लिंडसी यांचे ‘द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ’ हे पुस्तक 1970 मध्ये कॅरोल कार्लसन यांच्या सहकार्याने निघाले. ते कादंबरी नव्हते, पण सोव्हिएत रशिया, युरोपीय सामायिक बाजार आणि चीन यांना त्यात बायबलच्या भाकितांतील भूमिका वाटून दिलेल्या होत्या. 1970 च्या दशकातील अमेरिकेत सर्वाधिक खपलेले कथनेतर पुस्तक म्हणून त्याची नोंद झाली. दोनच वर्षांनी आयोवामध्ये अल्प खर्चात तयार झालेला ‘अ थीफ इन द नाइट’ हा चित्रपट आला. त्यातील तरुण नायिका सकाळी जागी होते तेव्हा नवरा घरात नसतो आणि त्याचा विजेचा वस्तरा बेसिनमध्ये तसाच गुणगुणत पडलेला असतो. चर्चच्या सभागृहांत आणि युवक शिबिरांत दाखवला गेलेला हा प्रसंग एका संपूर्ण पिढीच्या मनात घर करून बसला. घरातल्या वापरातल्या वस्तूचे चालू राहणे आणि माणसाचे नसणे, या एका दृश्यात पुढच्या सगळ्या युगान्तकथांचे तंत्र सामावलेले आहे.

लिंडसींच्या पद्धतीत एक अडचण होती. इस्राएलच्या स्थापनेपासून एका पिढीच्या आत शेवट येईल, असे त्यांनी सुचवले होते. पिढी म्हणजे चाळीस वर्षे धरल्यास ती मुदत 1988 मध्ये संपली. त्याच वर्षी रॅप्चर होणार म्हणून एडगर व्हिझनंट यांनी अठ्ठ्याऐंशी कारणे देणारी पुस्तिका काढली होती. तेही भाकीत फोल ठरले. पुढे सोव्हिएत संघच विसर्जित झाला. कादंबरीला हा धोका नसतो, कारण ती तारीख न देता तपशील देऊ शकते आणि कल्पित म्हणून जे सांगितले ते वर्षअखेरीस कोणी तपासत नाही. 1990 च्या दशकात भाकितांचा व्यवहार निबंधाकडून कादंबरीकडे वळण्यामागे हे कारण महत्त्वाचे दिसते, आणि उपलब्ध चर्चेत त्याला मिळायला हवे तितके वजन मिळालेले नाही.

‘लेफ्ट बिहाइंड’ : कथा आणि तिची रचना

पहिल्या खंडाची सुरुवात शिकागोहून लंडनकडे निघालेल्या जंबो विमानात होते. वैमानिक रेफर्ड स्टील याचे मन विमानातील परिचारिका हॅटी डरहॅमकडे ओढले गेलेले आहे. घरी त्याची पत्नी आयरीन अलीकडे फार धार्मिक झाली, याचा त्याला कंटाळा आला आहे. रात्री अंधारात कित्येक प्रवासी आसनांवर कपडे, चष्मे, दागिने ठेवून नाहीसे झाल्याचे लक्षात येते. जगभर अशीच माणसे आणि सर्व लहान मुले नाहीशी झालेली असतात. प्रसूत होत असलेल्या स्त्रीच्या पोटातून मूल नाहीसे होते, तेही दूरदर्शनवर दाखवले जाते. परतल्यावर रेफर्डला पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा सापडत नाहीत, मोठी मुलगी क्लोई मात्र मागे राहिली आहे. पत्नीच्या चर्चमध्ये ब्रूस बार्न्स हा धर्मोपदेशकच मागे राहिलेला भेटतो, आणि मुख्य पाळकाने अशाच दिवसासाठी आधी करून ठेवलेली चित्रफीत तो त्याला देतो. बक विल्यम्स हा पत्रकार याच काळात निकोले कार्पाथिया या रुमानियन नेत्याच्या उदयाचा माग घेत असतो. कार्पाथिया संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होतो, जागतिक सत्ता उभारतो आणि तिची राजधानी इराकमधील नव्या बाबेलमध्ये नेतो.

या रचनेत एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सिद्धान्तानुसार खरे विश्वासणारे कथेच्या आरंभीच जगातून निघून जातात, आणि कथेसाठी उरतात ते ज्यांनी वेळेवर विश्वास ठेवला नाही असे लोक. म्हणजे कादंबरीचे नायक हे सिद्धान्ताच्या दृष्टीने चुकलेले लोक आहेत, आणि सुटकेच्या आश्वासनातून जन्मलेली ही मालिका प्रत्यक्षात मुख्य कथेचे बारा खंड सुटका न मिळालेल्यांच्या धडपडीची, गुप्त घरांची, बनावट ओळखपत्रांची आणि हौतात्म्याची कथा सांगते. श्रद्धा मनात ठेवून सुरक्षिततेची वाट पाहणाऱ्या वाचकाला या कथेने छळाच्या काळातील साहसी साक्षीदाराची भूमिका देऊ केली. मालिकेच्या यशाचे मुख्य कारण येथे आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

कथेच्या गरजेने सिद्धान्तावर ताणही आणला. रॅप्चरपूर्वी शुभवर्तमान ऐकूनही नाकारलेल्यांना पुन्हा संधी मिळते काय, याबद्दल कालखंडवाद्यांतच मतभेद आहेत. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातील भ्रमाविषयीच्या वचनांवरून काही भाष्यकार ती नाकारतात. रेफर्ड आणि ब्रूस यांची तर सारी कथाच या दुसऱ्या संधीवर उभी आहे. पुढे ‘द मार्क’ (2000) या आठव्या खंडाच्या सुमारास चँग वाँग नावाचा तरुण येतो. त्याने आधीच विश्वास ठेवलेला आहे, पण त्याला गुंगी देऊन बळाने श्वापदाची खूण करवली जाते, आणि त्याच्या कपाळी विश्वासणाऱ्याची आणि श्वापदाची अशा दोन्ही खुणा राहतात. ही खूण घेणाऱ्याला तारण नाही, असे प्रकटीकरणाचा चौदावा अध्याय सांगतो. मग इच्छेविरुद्ध घेतलेल्या खुणेचे काय? शत्रूच्या गोटात आपला माणूस असणे ही साहसकथेची गरज आणि शब्दशः अर्थ ही सिद्धान्ताची अट, या दोहोंची टक्कर चँगच्या कपाळावर झालेली दिसते.

यशाची कारणमीमांसा

पहिले स्पष्टीकरण बाजाराचे आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक इव्हँजेलिकल उपदेशक कादंबरीवाचनाकडेच संशयाने पाहत. जॅनेट ओक यांच्या 1979 च्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ने ख्रिस्ती कादंबरीला मोठा वाचकवर्ग आहे हे दाखवले, आणि 1986 मध्ये फ्रँक पेरेटी यांच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ने थरारकथेचे तंत्र श्रद्धेच्या विषयाला लावता येते हे सिद्ध केले. केनेथ टेलर यांनी 1962 मध्ये बायबलच्या सोप्या इंग्रजीतील रूपांतरासाठी स्थापन केलेल्या टिंडेलकडे ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांचे जाळे होते. वॉलमार्टसारख्या महादुकानांनी मालिका मांडल्यावर ती त्या जाळ्याबाहेर गेली. ‘द इन्ड्वेलिंग’ (2000) न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत अग्रस्थानी आली, आणि 2001 मध्ये ‘डेसेक्रेशन’ हा नववा खंड अमेरिकेतील त्या वर्षीची सर्वाधिक खपलेली कादंबरी ठरला. जेन्किन्स यांनी त्यापूर्वी खेळाडूंची चरित्रे लिहिली होती. प्रकरणाच्या शेवटी वाचकाला पान उलटायला लावण्याची त्यांची हातोटी या यशात मोजावीच लागते.

दुसरे स्पष्टीकरण काळाचे. शीतयुद्ध संपल्यावर शत्रू कोण, हा प्रश्न उघडा पडला होता. मालिकेच्या आरंभीच इस्राएलवरील रशियन हल्ला चमत्काराने फसतो, म्हणजे यहेज्केलाच्या भाकितातील जुना शत्रू एका प्रकरणात निकालात निघतो आणि जागतिक शासन, एकच चलन, एकच धर्म हे नवे भय पुढे येते. ग्लेन शक यांनी ‘मार्क्स ऑफ द बीस्ट’ (2005) मध्ये दाखवले की ही भीती जाळ्यांच्या युगातली आहे : व्यक्ती एका अदृश्य व्यवस्थेत विरघळून जाईल, तिची खरेदी, ओळख आणि निष्ठा एकाच यंत्रणेच्या हाती जाईल. तरीही नायकांचे गट उपग्रह-फोन आणि इंटरनेटवरच उभे आहेत. छिऑन बेन-यहूदा हा धर्मान्तरित ज्यू पंडित जगभरच्या श्रोत्यांना त्याच माध्यमातून शिकवतो. तंत्रज्ञानाचे भय आणि त्याचा आत्मविश्वासाने वापर, हे दोन्ही भाव तत्कालीन इव्हँजेलिकल समाजात एकत्र नांदत होते, आणि मालिकेने ते जसेच्या तसे टिपले. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर खप वाढला, ही नोंद या स्पष्टीकरणाला पूरक आहे. मात्र मालिका त्यापूर्वीच यशाच्या शिखराकडे निघाली होती, म्हणून सगळे श्रेय त्या हल्ल्यापायी निर्माण झालेल्या भयाला देणे बरोबर ठरणार नाही.

तिसरे स्पष्टीकरण वाचकांपासून सुरू होते. एमी जॉन्सन फ्रायकहोम यांनी ‘रॅप्चर कल्चर’ (2004) साठी प्रत्यक्ष वाचकांशी बोलून जे मांडले, त्याने चर्चेची दिशा बदलली. त्यांना आढळले की ही पुस्तके एकेकटी वाचली जात नाहीत. आई मुलीला देते, सहकारी सहकाऱ्याला देतो, चर्चमधील मैत्रीण वाचून झालेला खंड पुढे सरकवते. वाचक ‘हे असेच घडेल’ असे मानतोच असे नाही; काहींना रॅप्चरबद्दल शंका असते, काही पुस्तकातील हिंसेने अस्वस्थ होतात, काही केवळ कुटुंबातील संवादासाठी वाचतात. श्रद्धेची मोजणी खपाच्या आकड्यावरून करता येत नाही, ही त्यांची शिकवण आजही मोलाची आहे.

आक्षेप आणि प्रत्युत्तरे

सर्वांत गंभीर आक्षेप ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आतूनच आले. नव्या कराराचे ब्रिटिश अभ्यासक एन. टी. राइट यांच्या मते थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातील अंतराळातील भेटीची प्रतिमा ही सम्राट येत असता त्याला सामोरे जाऊन सन्मानाने नगरात आणणाऱ्या नागरिकांची आहे; म्हणजे गती पृथ्वीपासून दूर नसून पृथ्वीकडे आहे. लूथरन अभ्यासक बार्बरा रॉसिंग यांनी ‘द रॅप्चर एक्स्पोज्ड’ (2004) मध्ये प्रकटीकरणातील विजेता हा वधलेला कोकरा आहे आणि नवे जेरुसलेम वरून खाली पृथ्वीवर उतरते, याकडे लक्ष वेधून या मालिकेतील रक्तपाताचा सोहळा ग्रंथाच्या आत्म्याशी विसंगत असल्याचे प्रतिपादन केले. 2004 च्या ‘ग्लोरियस अपिअरिंग’ या बाराव्या खंडात येशूच्या शब्दांनी शत्रुसैन्य छिन्नविच्छिन्न होते, त्या वर्णनावर निकोलस क्रिस्टॉफ यांच्यासारख्या स्तंभलेखकांनीही टीका केली. लाहे आणि त्यांच्या बाजूच्या अभ्यासकांचे उत्तर असे की प्रकटीकरणाचा एकोणिसावा अध्याय तेच सांगतो, त्या खंडातील येशूचे बोलणे बहुतांशी बायबलच्या वचनांतूनच घेतलेले आहे, आणि साधा अर्थ सोडून प्रतीके शोधू लागले की ग्रंथाचे प्रामाण्यच ढासळते.

इव्हँजेलिकलांमध्येही एकमत नव्हते. हँक हॅनेग्राफ यांनी सिगमंड ब्रोवर यांच्यासह लिहिलेली ‘द लास्ट डिसाइपल’ (2004) प्रकटीकरणातील संकटे सम्राट नीरोच्या काळात मांडते, आणि ती टिंडेलनेच प्रसिद्ध केली. लाहे यांनी त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. एकाच प्रकाशनसंस्थेने परस्परविरोधी अर्थ कादंबरीतून विकावेत, यात प्रकाशनाचा व्यवहार जितका दिसतो तितकाच त्या समाजातील मतांचा खुलेपणाही दिसतो.

कॅथलिकांची तक्रार वेगळी आहे. मालिकेत एक पोप रॅप्चरमध्ये उचलले जातात, पण ते लूथरच्या शिकवणीकडे झुकलेले होते असे सुचवून. आणि पीटर मॅथ्यूज हा अमेरिकी कार्डिनल एकजागतिक खोट्या धर्माचा प्रमुख होतो. इलिनॉयच्या कॅथलिक बिशपांनी 2003 मध्ये या मालिकेविरुद्ध इशारा दिला. ज्यू वाचकांचा आक्षेप त्याहून खोल आहे : इस्राएलवर प्रेम करणाऱ्या या कथांत ज्यूंना शेवटी ज्यू म्हणून जागा नाही, त्यांतील काही येशूला मसीहा मानतात आणि उरलेले नष्ट होतात. पत्रकार गेर्शोम गोरेनबर्ग यांनी ‘द एन्ड ऑफ डेज’ (2000) मध्ये टेंपल माउंट या पवित्र टेकडीसंबंधीच्या युगान्ताच्या अपेक्षा जेरुसलेममध्ये किती धोकादायक ठरू शकतात हे सविस्तर मांडले आहे. कालखंडवादी यावर म्हणतात की इस्राएलविषयीचे देवाचे करार रद्द झाले नाहीत हेच तर त्यांचे मत आहे, आणि चर्चने इस्राएलची जागा घेतली असे मानणाऱ्या परंपरांनीच ज्यूंना अधिक दुखावले. हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या वजनदार आहे, पण कथेतील ज्यू पात्रांच्या अखेरच्या गतीबद्दलचा आक्षेप त्याने निकालात निघत नाही.

साहित्यिक टीका बरीचशी एका सुराची आहे : पात्रे सपाट, संवाद उपदेशाचे, आणि जगातील सगळी मुले नाहीशी झाल्यावरही विमाने, टेलिफोन आणि कार्यालये विलक्षण लवकर रुळावर येतात, शोकाला पाने मिळत नाहीत. शेवटचा मुद्दा निव्वळ कलेचा नाही. मागे राहिलेल्यांचे दुःख कथेला जाणवत नसेल तर त्यांच्याविषयीची करुणाही उणी पडते, आणि म्हणून तो धर्मशास्त्राचाही मुद्दा आहे. उपदेशासाठी लिहिलेली म्हणूनच कादंबरी कमअस्सल, असे मात्र म्हणता येणार नाही. मराठी वाचकाला याचे उदाहरण घरचेच आहे : 1854 मध्ये ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) प्रचाराच्या हेतूने लिहिलेली असूनही विधवांच्या दुःखाशी ती थांबते, ते पाहते, आणि म्हणून दीड शतकानंतरही मराठी कादंबरीच्या इतिहासात तिचे स्थान पक्के आहे.

राजकारणाचा प्रश्न

लाहे हे केवळ कादंबरीचे जनक नव्हते. 1979 मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉरल मेजॉरिटी’ या संघटनेच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता, 1981 मध्ये ‘कौन्सिल फॉर नॅशनल पॉलिसी’ या पुराणमतवादी मंडळाच्या स्थापनेत ते अग्रभागी होते, आणि त्यांच्या पत्नी बेव्हर्ली यांनी पुराणमतवादी महिलांची मोठी संघटना उभारली. त्यामुळे मालिका राजकीय कृतीला इंधन पुरवते काय, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. पॉल बॉयर यांनी ‘व्हेन टाइम शॅल बी नो मोर’ (1992) मध्ये आणि पुढील लेखनात भाकितश्रद्धा अमेरिकेच्या अण्वस्त्रे, इस्राएल आणि संयुक्त राष्ट्रे यांविषयीच्या जनमताची पार्श्वभूमी बनते असे मांडले. टिमथी वेबर यांनी डार्बीपासून आधुनिक ख्रिस्ती झायोनवादापर्यंतचा, म्हणजे धार्मिक कारणांनी इस्राएलला पाठिंबा देण्याच्या चळवळीपर्यंतचा, मार्ग रेखाटला. 2006 मध्ये जॉन हेगी यांनी स्थापलेली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल’ ही संघटना त्या मार्गावरील आजचा ठळक टप्पा. जोएल रोझनबर्ग यांच्या 2002 नंतरच्या कादंबऱ्यांत तर इराक, इराण आणि रशिया यांचे प्रत्यक्ष राजकारणच कथानक होते.

सावधगिरीचा पक्षही तितकाच ऐकण्यासारखा आहे. जग संपणारच असेल तर पर्यावरणाची चिंता कशाला, असे मत राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे अंतर्गत व्यवहारमंत्री जेम्स वॉट यांच्या नावावर वर्षानुवर्षे खपवले गेले. 1981 मध्ये संसदीय समितीपुढे वॉट यांनी प्रत्यक्षात म्हटले होते ते असे की प्रभू कधी येईल ठाऊक नाही, तोवर पुढच्या पिढ्यांसाठी साधनसंपत्ती सांभाळलीच पाहिजे. ज्येष्ठ पत्रकार बिल मॉयर्स यांनीही ते चुकीचे अवतरण वापरले आणि 2005 मध्ये त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. श्रद्धेपासून धोरणापर्यंतची साखळी गृहीत धरण्याचा मोह किती प्रबळ आहे, हे या प्रकरणातून दिसते. मूळ सिद्धान्तही दोन दिशांना ओढतो : भविष्य ठरलेले असेल तर राजकारण निरर्थक, आणि शेवट जवळ असेल तर प्रत्येक कृती तातडीची. अमेरिकी इव्हँजेलिकलांनी विसाव्या शतकात दुसरी दिशाच अधिक धरली, असे मॅथ्यू एव्हरी सटन यांचे ‘अमेरिकन अपॉकॅलिप्स’ (2014) सांगते. कादंबरी वाचून किती मतदारांचे मत बदलले, हे मात्र त्यावरूनही कळत नाही.

आज काय शिल्लक आहे

2007 नंतर या प्रकाराचा बहर ओसरला. 2014 मध्ये निकोलस केज याला घेऊन काढलेल्या चित्रपटाची समीक्षकांनी कठोर वासलात लावली. लाहे यांचे 2016 मध्ये निधन झाले. डॅलसच्या सेमिनरीतच डॅरेल बॉक व क्रेग ब्लेझिंग यांनी 1990 च्या दशकापासून इस्राएल आणि चर्च यांतील भिंत सैल करणारी मांडणी पुढे आणली होती, आणि डॅनियल हमेल यांच्या 2023 च्या ग्रंथाने तर कालखंडवादाच्या ऱ्हासाचाच इतिहास लिहिला. दुसरीकडे प्यू संशोधन केंद्राच्या 2022 च्या पाहणीत अमेरिकेतील 39 टक्के प्रौढांनी आपण शेवटच्या काळात जगत आहोत असे सांगितले. इव्हँजेलिकलांत हे प्रमाण 63 टक्के होते. सिद्धान्ताची शास्त्रीय मांडणी विद्यापीठांत मागे पडत असताना शेवट जवळ आल्याची भावना टिकून आहे. ती भावना आता या कादंबऱ्यांवर अवलंबून आहे, की त्यांनी तिला दिलेली चित्रे कादंबऱ्यांशिवायही स्वतंत्रपणे चालू लागली आहेत, हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न आहे. टॉम पेरोटा यांच्या ‘द लेफ्टओव्हर्स’ (2011) या कादंबरीने आणि तिच्यावरील दूरदर्शन मालिकेने रॅप्चरचे चित्र घेऊन त्यातून उत्तर काढून टाकले आणि नुसता शोक ठेवला. जी उणीव समीक्षकांना मूळ मालिकेत जाणवली होती, तीच येथे विषय झाली.

आजवरच्या अभ्यासाचा तोल मजकुराकडे आणि लेखकांच्या राजकारणाकडे झुकलेला आहे. वाचकांकडे जाणारे फ्रायकहोम यांच्यासारखे काम फार थोडे आहे, आणि तेही मालिकेचा बहर असतानाचे. ज्यांनी ही पुस्तके बारा-तेरा वर्षांच्या वयात वाचली, ती पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे. त्यांतील कोणी श्रद्धेत राहिले, कोणी बाहेर पडले, कोणाला त्या कथांचे भय अजून सोडत नाही; त्यांच्याशी बोलून नोंदी ठेवण्याचे काम या दशकातच व्हायला हवे, आणि ते झाल्याखेरीज या कादंबऱ्यांनी समाजावर काय परिणाम केला याविषयीचे कोणतेही ठाम विधान अपुऱ्या पुराव्यावरचेच मानले पाहिजे.